पद्मिनीला एअर सस्पेन्शन बसवताना

एअर सस्पेन्शन म्हटलं की बटण दाबल्यावर अलगद खाली बसणारी गाडी डोळ्यांसमोर येते. पण स्प्रिंगच्या जागी बसणाऱ्या हवेच्या रबरी बॅगा, टाकी आणि कॉम्प्रेसर हा या कामातला सोपा भाग. साताऱ्यात प्रीमियर पद्मिनीवर हे काम करताना खरा वेळ खाल्ला तो दोन गोष्टींनी. एक, हलक्या गाडीला शोभेल असं बॅगेचं माप ठरवणं. दोन, मागचे पाटे (लीफ स्प्रिंग) काढल्यावर पाटे गुपचूप करत असलेली इतर कामं दुसऱ्या भागांवर सोपवणं.

आधी कागदपत्रांचं. उत्पादकाने ठरवलेल्या मूळ रचनेत फेरफार करण्याबाबत मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कडक आहे आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच अधोरेखित केलं. त्यामुळे एमएच-११ असो की एमएच-५०, ग्राइंडर हातात घेण्याआधी आरटीओत विचारून घ्या. ही गाडी प्रदर्शनासाठी आहे. ती टोइंगच्या गाडीवर चढून जाते आणि चालते ती खासगी आवारात. आणखी एक मुद्दा पुष्कळांच्या लक्षात येत नाही. पन्नास वर्षांपुढच्या गाड्यांसाठी २०२१ मध्ये ‘व्हीए’ मालिकेची नोंदणी आली, पण ती मूळ स्वरूपात राखलेल्या गाड्यांसाठी आहे. पद्मिनी हे नाव १९७४ पासूनचं, म्हणजे सुरुवातीच्या गाड्या आता या वयात बसतात. अशी एखादी गाडी मूळ अवस्थेत हाती असेल तर तिला कापू नका. कापायला गंजलेल्या, इंजिन बदललेल्या पद्मिनी पुष्कळ मिळतात. आणि जिथे जमेल तिथे वेल्डिंगऐवजी बोल्टने बसवा, काढलेले पाटे आणि स्प्रिंगा तेल लावून जपून ठेवा.

वजन आधी, बॅग नंतर

बाजारातली बहुतेक किट दीड-दोन टनांच्या अमेरिकन गाड्या समोर ठेवून बनवलेली असतात. पद्मिनीचं रिकामं वजन ९०० किलोच्या आसपास. त्यामुळे किटच्या खोक्यावरचे आकडे इथे कामाचे नाहीत, वजनकाट्यावर जावं लागतं. पुढे दोन माणसं बसवून फक्त पुढची चाकं काट्यावर घ्यायची, मग फक्त मागची. मोठ्या वजनकाट्यावर पाच-दहा किलो इकडेतिकडे होतात, त्याने बिघडत नाही. पुढचा आकडा ५०० किलोच्या घरात येतो. चाकं, ड्रम आणि चाक धरणाऱ्या आर्मचं अर्धं वजन वजा केलं की एका बाजूला साधारण २१० किलो उरतात.

बॅग चाकावर नसते, खालच्या आर्मच्या मध्यावर असते. आतल्या बुशपासून बाहेरच्या जोडापर्यंतच्या अंतराच्या ५५ टक्क्यांवर ती बसली तर तिच्यावर २१० भागिले ०.५५, म्हणजे ३८० किलो, सुमारे ८४० पौंड येतात. आता दाब काढायचा: वजन भागिले बॅगेचं प्रत्यक्ष भार घेणारं क्षेत्रफळ. सहा इंची दुहेरी घडीच्या बॅगेचं क्षेत्रफळ २१ चौरस इंच धरलं तर ४० पीएसआय, म्हणजे दर चौरस इंचावर ४० पौंड. पाच इंचीचं १४ धरलं तर ६० पीएसआय. आम्ही पाच इंची घेतली.

इथे हायवेच्या कडेला राहणाऱ्यांना एक मोह होतो. पुणे-बेंगळुरू रस्त्यावर धावणाऱ्या बसचे बेलो, म्हणजे बसच्या मोठ्या हवेच्या बॅगा, स्पेअरच्या दुकानात सहज मिळतात, दणकट असतात. पण त्यांचं क्षेत्रफळ ६० चौरस इंच धरलं तर पद्मिनीखाली दाब येतो जेमतेम १४ पीएसआय. लोक म्हणतात, दाब कमी म्हणजे गाडी मऊ चालेल. उलट होतं. बंद हवेचा कडकपणा गेजवरच्या दाबावर ठरत नाही. गेजचा दाब अधिक वातावरणाचे १४.७ पीएसआय असा हिशेब लागतो. क्षेत्रफळ वाढलं की वातावरणाच्या वाट्याचा भाग वाढत जातो. सारख्या उंचीच्या बॅगा धरल्या तर त्याच वजनाखाली बसचा बेलो पाच इंची बॅगेपेक्षा दीडपटीहून जास्त कडक लागतो. वर त्रास असा की व्हॉल्व्ह क्षणभर उघडला तरी गाडी बोट-दोन बोटं वर उडते. उंची नेमकी लावताच येत नाही.

पुढची बाजू

पद्मिनीला पुढे कॉइल स्प्रिंग आणि दोन आर्म आहेत, त्यामुळे पुढचं काम सरळ आहे. गाडी घोड्यांवर (लोखंडी स्टँडवर) घ्यायची, खालच्या आर्मखाली जॅक लावायचा, स्प्रिंगला साखळी बांधायची आणि मगच आर्मचा बाहेरचा जोड सोडवायचा. दाबलेली स्प्रिंग सुटली तर हात जातो. यात घाई नको.

स्प्रिंगच्या वरच्या वाटीत ८ मिलिमीटरची सपाट प्लेट, खालच्या आर्मवर ६ मिलिमीटरचा कप. दोन्ही प्लेटा गाडी चालण्याच्या उंचीवर एकमेकींना समांतर हव्यात. वर-खाली होताना आर्म कोनात फिरतो, त्यामुळे तो कोन दोन्ही टोकांना सारखा वाटला जाईल असं पाहायचं. आर्म पत्र्याचा दाबून बनवलेला आहे. त्याची उघडी बाजू ४ मिलिमीटर प्लेटने बंद करून घेतली, कारण स्प्रिंगचा भार मोठ्या वर्तुळावर पसरत होता, बॅगेचा मधल्या एका बोल्टाभोवती येतो. ओतीव किंवा घडीव भागावर मात्र वेल्डिंग करायचं नाही.

बॅगेच्या पोटातून शॉक अॅब्सॉर्बर जाऊ शकत नाही. तो बाहेर, आर्मच्या मागच्या कडेला स्वतंत्र ब्रॅकेटवर घ्यावा लागतो. शॉकची लांबी अशी निवडायची की गाडी पूर्ण वर गेल्यावर शॉक संपण्याआधी रबरी स्टॉप लागेल आणि पूर्ण खाली बसल्यावर शॉक तळाला टेकणार नाही.

वेल्डिंगच्या वेळी बॅग जवळपासही नको. सीओटू वेल्डिंगचा एक थेंब रबरावर पडला की तिथे बारीक खड्डा होतो आणि तो महिन्या-दोन महिन्यांनी फुटतो. त्याऐवजी बॅगेच्या चालत्या उंचीएवढे, म्हणजे १२५ मिलिमीटरचे, जाड पाइपचे तुकडे कापून त्या जागी ठेवायचे. चारही कोपऱ्यांत हे तुकडे घातले की गाडी नेमक्या चालत्या उंचीवर उभी राहते आणि सगळी मापं, सगळे कोन तिथेच घेता येतात. या साध्या तुकड्यांनी जेवढं काम वाचवलं तेवढं कुठल्याही महागड्या हत्याराने वाचवलं नसतं.

बॅग फुगली की बाजूला पसरते. कॅटलॉगमधला व्यास बघून जागा ठेवली तर फसगत होते, पूर्ण दाबावरचा फुगलेला व्यास बघायचा. चारही बाजूंना १२ मिलिमीटर मोकळे हवेत आणि तेही तीन अवस्थांत तपासायचे: पूर्ण वर, पूर्ण खाली, आणि स्टीअरिंग दोन्ही टोकांना वळवून. करंगळी बॅगेभोवती अडखळत फिरली तर ग्राइंडर मारा. क्रॉसमेंबरच्या पत्र्याची धार गोल करून वर रबरी कडा चढवा. बॅगा हवेने सहसा फुटत नाहीत, घासून फुटतात.

मागची बाजू

मागे पाटे आहेत आणि इथेच खरं डोकं लावावं लागतं. पाटा गाडीचं वजन तर उचलतोच, शिवाय एक्सलला पुढे-मागे सरकू देत नाही, डावी-उजवीकडे सरकू देत नाही आणि ब्रेक मारताना किंवा क्लच सोडताना एक्सलच्या हौसिंगला स्वतःभोवती फिरू देत नाही. बॅग यातलं फक्त पहिलं काम करते. पाटे तसेच ठेवून वर बॅग बसवणारेही आहेत. ओझ्याच्या गाडीला तो मदतनीस म्हणून ठीक आहे, पण त्यात गाडी खाली बसत नाही.

म्हणून एक्सलला पुढे-मागे धरणारे चार दांडे, म्हणजे लिंक, आणि डावी-उजवीकडे सरकू न देणारा एक आडवा पॅनहार्ड रॉड. खालच्या दोन लिंक साधारण ५०० मिलिमीटरच्या, पाट्याच्या पुढच्या टोकाच्या गोल भोकाच्या (आय) जागेपासून एक्सलपर्यंत. वरच्या दोन थोड्या आखूड आणि लांबी कमी-जास्त करता येतील अशा, एका टोकाला उजवा आटा, दुसऱ्याला डावा. लेथवाल्याकडे डाव्या आट्याचा टॅप नसेल तर आधीच विचारून घ्या. तो प्रत्येकाकडे नसतो. लिंकच्या टोकांना रबरी किंवा पॉलियुरेथेनचे बुश लावा. रॉड-एंड (धातूच्या गोळ्याचे सांधे) दिसायला झकास, पण धुळीत ते लवकर ढिले होतात आणि मागून खडखड सुरू होते.

बॅग एक्सलच्या डोक्यावर ठेवायची की लिंकवर? मागे एका बाजूला २०० किलो धरले तर एक्सलवर ठेवलेल्या पाच इंची बॅगेत ३१ पीएसआयच येतात. खालच्या लिंकवर ७० टक्के अंतरावर ठेवली तर ४५, आणि पाच माणसं व सामान भरल्यावर ६५ च्या आसपास. शिवाय बॅग १०० मिलिमीटर हलली की चाक १४० हून जास्त हलतं. आम्ही लिंकवर ठेवली. फक्त मग ती लिंक वाकण्याचा भारही घेते, म्हणून गोल नळीऐवजी ५० बाय ५० चा ५ मिलिमीटर जाडीचा बॉक्स वापरला. वरच्या लिंकना ३२ मिलिमीटर व्यासाची, ४ मिलिमीटर जाडीची सीमलेस नळी पुरते.

पॅनहार्ड रॉड जमेल तेवढा लांब आणि चालत्या उंचीवर आडवा सपाट हवा. ८०० मिलिमीटरचा रॉड ७५ मिलिमीटर खाली-वर झाला तर एक्सल साडेतीन मिलिमीटर बाजूला सरकतो, ते चालतं. हाच रॉड ४०० चा केला तर तो आकडा सातच्या पुढे जातो आणि टायर मडगार्डच्या आतल्या कडेला लागायला लागतो.

पद्मिनीला वेगळी चासी नाही. बॉडीचा पत्रा हीच चासी. लिंकचे ब्रॅकेट थेट फ्लोअरच्या पत्र्यावर ठोकले तर वर्षभरात पत्रा कागदासारखा फाटतो. डिकीखालच्या दोन्ही बाजूंच्या रेलना ५० बाय ५० बाय ३ चा बॉक्स जोडून, मागच्या सीटखाली आडवा बॉक्स टाकून एक छोटी फ्रेमच करून घेतली. ब्रॅकेट ६ मिलिमीटर प्लेटचे, एमआयडीसीत लेसरवर कापून. डावे-उजवे नग तंतोतंत सारखे येतात आणि लिंकची भोकं एका रेषेत राहतात, गॅस कटरने ते जमत नाही. आधी सगळीकडे वेल्डिंगचे नुसते टाके मारायचे, नळीचे तुकडे घालून गाडी चाकांवर उभी करायची, एक्सल काटकोनात आहे का हे कर्णमाप घेऊन बघायचं आणि मगच पूर्ण वेल्डिंग. बॅटरीची दोन्ही टोकं आणि अल्टरनेटरची वायर काढून ठेवायची.

डिफ्रन्शियलच्या नाकाचा कोनही याच वेळी लावायचा. प्रोपेलर शाफ्टच्या दोन्ही टोकांच्या क्रॉसवरचे (युनिव्हर्सल जॉइंटवरचे) कोन सारखे आणि उलट दिशेचे असले पाहिजेत, एक ते तीन अंशांच्या आत. वरच्या लिंक फिरवून ते जमतं. गाडी पन्नासच्या पुढे गेल्यावर फ्लोअरमध्ये घरघर ऐकू आली तर नव्वद टक्के वेळा कोन चुकलेला असतो, क्रॉस बदलून काही होत नाही.

एक्सल वर येतो तिथे रेलला अर्धगोल खाच द्यावी लागते. खाचेच्या आत ६ मिलिमीटरची वाकवलेली पट्टी, दोन्ही बाजूंना प्लेट. ब्रेकचा मागचा लवचीक पाइप मूळ लांबीचा ठेवला तर गाडी पूर्ण वर केल्यावर तो ताणला जातो; लांब पाइप घ्या. हँडब्रेकची केबलही ओढून बघा.

हवा

टाकी किती मोठी? बॅगा एकेक दीड लिटरच्या धरल्या तर गाडी जमिनीपासून चालत्या उंचीवर आणायला वातावरणाच्या दाबाची साधारण २२ लिटर हवा लागते. ११ लिटरच्या टाकीत १५० वरून १०० पीएसआयवर येताना ३७ लिटर मिळते, १९ लिटरच्या टाकीत ६५. पद्मिनीच्या डिकीत आधीच स्टेपनी आहे. ११ लिटर पुरते. मोठी टाकी शोभेला.

ट्रकची एअर ब्रेकची टाकी स्वस्तात मिळते आणि वापरता येते, पण ट्रकची यंत्रणा साधारण ८ बारवर, म्हणजे ११५-१२० पीएसआयवर चालते. त्या टाकीला २०० पीएसआयचा प्रेशर स्विच जोडू नका. टाकीवर तिचा मान्य दाब छापलेला असेल तरच घ्या आणि सेफ्टी व्हॉल्व्ह त्या दाबाच्या आत उडेल असाच लावा. जुना गॅस सिलिंडर रंगवून देणारे भेटतात. त्यांना लांबूनच नमस्कार.

कॉम्प्रेसरमधून निघणारी हवा भाजते, म्हणून पहिला अर्धा मीटर जाळीदार होज, मग चेक व्हॉल्व्ह, मग पाणी धरणारा फिल्टर, मग टाकी. नायलॉन नळी थेट कॉम्प्रेसरला लावली तर मऊ पडून निसटते.

चार बॅगांना आठ सोलेनॉइड (विजेवर उघडणारे) व्हॉल्व्ह: प्रत्येकीला एक भरणारा, एक सोडणारा. पैसे वाचवायला पुढच्या दोन बॅगा एकाच नळीवर घेतात. मग यवतेश्वरच्या घाटासारख्या वळणावर बाहेरच्या बॅगेतली हवा आतल्या बॅगेत पळते आणि गाडी नको तेवढी झुकते. चारही वेगळ्या ठेवा आणि गाडीचं झुकणं रोखणारा अँटीरोल बारही काढू नका.

नळ्या-फिटिंगमध्ये इथल्या बाजाराची एक अडचण आहे. आयात बॅगा आणि व्हॉल्व्ह एनपीटी, म्हणजे अमेरिकन पद्धतीच्या आट्याचे येतात. आपल्याकडे न्यूमॅटिकच्या (हवेच्या यंत्रणेच्या) दुकानात बीएसपी, म्हणजे ब्रिटिश आटा मिळतो. पाव इंचीत एनपीटीला इंचात १८ आटे, बीएसपीला १९. दोन-तीन फेरे जाऊन फिटिंग अडकतं, निदान कळतं तरी. अर्धा इंचीत दोन्हींना १४ आटे, फक्त कोन ६० आणि ५५ अंशांचा. ते सुखासुखी आत जातं, घट्टही वाटतं आणि कायम हवा सोडत राहतं. तशीच नळीची गोष्ट. तीन अष्टमांश इंची नळी साडेनऊ मिलिमीटरची, ती १० च्या पुश फिटिंगमध्ये बसते, पण धरत नाही. सगळी नळी आणि सगळी फिटिंग एकाच मापाची घ्या. नळी ब्लेडच्या कटरने सरळ कापा. पक्कडीने कापलेलं तोंड अंडाकृती होतं. आट्यांना टेफ्लॉन टेपऐवजी पातळ सीलंट लावा, तेही पहिला आटा सोडून. टेपचा एक धागा व्हॉल्व्हच्या सीटवर अडकला की गाडीचा तो कोपरा रोज सकाळी बसलेला सापडतो.

विजेचं थोडक्यात. एक कॉम्प्रेसर २० अँपिअरच्या आसपास ओढतो. डायनॅमोवर हे झेपत नाही. ४५-५५ अँपिअरचा अल्टरनेटर हवा. बोनेटमधल्या बॅटरीपासून डिकीपर्यंत ६ चौरस मिलिमीटरची वायर, बॅटरीजवळच ३० अँपिअरचा फ्यूज, ४० अँपिअरचा रिले. प्रेशर स्विचमधून थेट मोटरचा करंट नेऊ नका, त्याचे पॉइंट चिकटतात आणि कॉम्प्रेसर थांबतच नाही.

तपासणी आणि सेटिंग

टाकी १५० पीएसआयला भरून प्रत्येक जोडावर भांड्याच्या साबणाचा दाट फेस ब्रशने लावायचा. मोठी गळती लगेच फुगे काढते. बारीक गळतीत फेस तसाच राहतो आणि दोन मिनिटांनी आट्याच्या मुळाशी खसखशीएवढे पांढरे कण जमतात. ते शोधायला टॉर्च तिरका धरा.

नंतर रात्रभर ठेवायचं. सकाळी टाकीच्या गेजवर १४० दिसले म्हणून लगेच फिटिंग उघडू नका. साताऱ्यात हिवाळ्यात संध्याकाळी हवा ३० अंशांवर असेल आणि पहाटे १२ वर उतरली असेल, तर १० पीएसआयचा फरक नुसत्या थंडीचा असतो. उन्हं वर आल्यावर काटा परत चढला तर गळती नाही.

चालती उंची ठरवताना बंप स्टॉपपर्यंत (चाकाची वरची चाल अडवणाऱ्या रबरापर्यंत) चाकाला किमान ६० मिलिमीटर मोकळे ठेवा. बॅग हा बंप स्टॉप नव्हे. तिच्या दोन प्लेटा आपटल्या की रबर मधे चिरडतं. गाडी पूर्ण खाली बसेल तेव्हा वजन चारही स्टॉपवर यावं आणि इंजिनचा संप (तेलाचं भांडं) व सायलेन्सर जमिनीपासून सुटे राहावेत. हबच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं माप चारही चाकांना घेऊन दरवाजाच्या आत लिहून ठेवा. व्हील अलाइनमेंट फक्त याच उंचीवर करायची. गाडी खाली बसली की वरचा आर्म आखूड असल्याने चाकं आत झुकतात आणि टो (चाकांचा पुढून आत-बाहेर वळलेला कोन) बदलतो, त्यामुळे बसलेल्या अवस्थेत केलेलं अलाइनमेंट फुकट. फक्त दाब बघून उंची लावणाऱ्या कंट्रोलरला मागे तीन माणसं बसली हे कळत नाही, तो ४५ पीएसआय देऊन गप्प बसतो. उंचीचे सेन्सर असलेला कंट्रोलर महाग पडतो, पण बसणारी माणसं बदलत असतील तर तोच घ्यावा.

जून ते सप्टेंबर हवेत एवढी वाफ असते की टाकीत पाणी साठतंच. ड्रेन कॉक टाकीच्या सर्वांत खालच्या बिंदूला हवा आणि पावसाळ्यात आठवड्याला उघडायला हवा. कॉम्प्रेसरचा फिल्टर डिकीत ठेवण्यापेक्षा नळी लावून मागच्या सीटमागे आणला तर धूळही कमी जाते. गाडी चारेक महिने उभी राहणार असेल तर बॅगा रिकाम्या सोडू नका. वजन घोड्यांवर घ्या, बॅगांत १५-२० पीएसआय ठेवा आणि घड्यांमध्ये अडकलेली वाळू साध्या पाण्याने धुऊन घ्या. डिझेल किंवा ग्रीस रबराला लावू नका.